बाद स्लाइड्सचं पाकीट

मला पसारा सहन होत नाही. दोन वर्षं हात न लागलेली वस्तू घरात दिसली की माझे हात शिवशिवायला लागतात. आई म्हणायची, "ही एक दिवस मलाबी रद्दीत घालंल बघा." जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. माझी मात्र मी जिवंत असतानाच गेली, आणि जाताना आईचं काहीतरी घेऊन गेली. ते इथे लिहून ठेवते आहे.

वाशीतली आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली आणि गेल्या हिवाळ्यात मी आणि आई नेरूळला भाड्याच्या फ्लॅटमध्ये आलो. मी लग्न केलं नाही. नोकरी वाशीत लागली, तिथेच घर घेतलं, आणि बाबा रेल्वेतून रिटायर झाल्यावर ते दोघं मिरजेहून माझ्याकडे राहायला आले. बाबांना जाऊन आता सहा वर्षं झाली. त्यानंतर आईची नजर हळूहळू गेली. डोळ्यांमागचा पडदा खराब झालाय, त्याला इलाज नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तिला उजेड कळतो, आणि माणूस आवाजावरून कळतो. तेव्हा घर हलवायचं काम माझ्या एकटीचं होतं. बाकीच्या मजल्यांवरची माणसं महिनाभर खोकी भरत बसली होती, ते मी चार दिवसांत उरकलं. सोसायटीत माझं कौतुक झालं आणि मला ते आवडलं.

बाबा मिरज-कुर्डुवाडीच्या छोट्या गाडीवर गार्ड होते. अडीच फुटी रूळ, कोळशाचं इंजिन, आणि चढ लागला की खाली उतरून चालावं असा वेग. माणूस सुट्टीच्या दिवशी ज्या गाडीचं तोंड बघणार नाही, त्याच गाडीचे फोटो काढायला बाबा सुट्टीच्या दिवशी जायचे. हा नाद त्यांना एका विलायतेच्या पाहुण्याने लावला. तो आपल्याकडची वाफेची इंजिनं बघायला आला होता. कुठली गाडी कुठल्या वळणावर किती वाजता येते ते बाबांनी त्याला सांगितलं, आणि जाताना तो आपला जुना कॅमेरा बाबांना देऊन गेला. पुढे बरीच वर्षं तो पोस्टाने रोल पाठवायचा. ते रोल साध्या फोटोंचे नव्हते, स्लाइड्सचे होते. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला फिल्मचा एवढासा रंगीत तुकडा, उजेडासमोर धरला तरच त्यातलं चित्र दिसतं. रोल धुवायला विलायतेला परत जायचा आणि तीन-चार महिन्यांनी स्लाइड्स होऊन यायचा. बाबा प्रत्येक चौकटीवर बारीक अक्षरात नंबर घालायचे आणि लाकडी पेटीत खाचांमध्ये ओळीने लावायचे. औषधांच्या बाटल्यांतल्या, चपलांच्या खोक्यांतल्या त्या ओल शोषणाऱ्या पांढऱ्या पुड्या आमच्या घरात कधी फेकल्या गेल्या नाहीत. त्या सगळ्या पेटीत जायच्या.

आईचा या पेटीवर राग होता. इंजिनाला ती सवत म्हणायची. कुणी पाहुणा आला आणि बाबांच्या छंदाचं कौतुक करायला लागला की आतून तिचा आवाज यायचा, "जल्मभर भंगाराचे फोटू काढले. माझा एक काढला न्हाई." पाहुणे हसायचे, बाबा चष्मा पुसत बसायचे. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. आईचा लग्नातला एक ग्रुप फोटो आहे, त्यात तिचं तोंड मुंडावळ्यांत झाकलं गेलंय. त्यानंतर एकदम रेशनकार्डावरचा. तरुणपणी आई कशी दिसायची, हे मला माझ्या आठवणीपलीकडे माहीत नाही.

वाशीचं घर आवरताना ती पेटी माझ्या हाताला लागली आणि पेटीच्या तळाशी एक जाड खाकी पाकीट. त्यावर लाल शाईत बाबांच्या अक्षरात लिहिलं होतं, 'बाद'. मी त्यातली वरची एक स्लाइड काढून ट्यूबलाइटसमोर धरली. मागे धूर, पुढे कुणाची तरी छत्री, छत्रीने इंजिन अर्धं झाकलेलं. ज्याने काढली त्यानेच बाद म्हटलं, मग मी कशाला सांभाळू, असा मी विचार केला. विचार कसला, हिशोबच तो, आणि मला बरोबर वाटला. पाकीट मी नियमाप्रमाणे सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाकलं. पेटी ठेवली, कारण लाकूड चांगलं होतं.

नेरूळला आल्यावर ओळखीतून एका गृहस्थांचा फोन आला. खारघरला राहतात, न्हावा शेवा बंदरात जहाजांच्या कागदपत्रांचं काम करतात आणि जुन्या रेल्वेच्या स्लाइड्स जमवतात. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "दे की. माझा काय संबंध त्येच्याशी?" तिचा संबंध नाही हे मलाही तितकंच खरं वाटत होतं, म्हणून मी त्यांना रविवारी बोलावलं.

ते आले ते सुती हातमोजे, एक भिंग आणि वहीएवढी दिव्याची सपाट पेटी घेऊन. आमच्या जेवणाच्या टेबलावर त्यांनी दिवा लावला आणि एकेक स्लाइड त्यावर ठेवून भिंगातून बघायला लागले. मला वाटलं होतं दहा मिनिटांत किंमत सांगतील. दोन तास झाले तरी ते मान वर करेनात.

"ताई, रंग बघा हे," ते म्हणाले. "खाडीच्या हवेत लोकांच्या स्लाइड्सना बुरशी लागते, जाळं धरतं. तुमच्या वडलांनी लहान मुलासारख्या सांभाळल्यात. आणि सगळ्या ओरिजिनल. कॅमेऱ्यातून निघालेल्या त्याच, कॉपी नाही. आमच्यात सगळी किंमत त्याचीच."

मी विचारलं, आणखी कशाची असते? ते म्हणाले, इंजिनाचा नंबर वाचता आला पाहिजे, ठिकाण आणि वेळ नोंदलेली पाहिजे, आणि फ्रेम स्वच्छ पाहिजे. स्वच्छ म्हणजे मध्ये माणूस नको. माणूस आला की भाव पडतो.

पलंगावरून आई म्हणाली, "म्हंजे ह्यांच्यासारखी मान्सं हायती अजून."

ते मनापासून हसले. मग एका स्लाइडवर त्यांचं भिंग थांबलं ते थांबलंच. ढालगाव स्टेशन होतं ते. फलाट, कडुलिंब, पाण्याची टाकी, उभी गाडी. त्यांचं आजोळ ढालगावचं. मे महिन्यात याच गाडीने जायचो, आजोबा त्या झाडाखाली बैल सोडून वाट बघत बसायचे, असं त्यांनी सांगितलं. आता तिथे मोठी लाइन आहे, जुनं स्टेशन पाडलं. "खरं सांगू का ताई, बाजारात माणूस नको असतो. पण मी स्वतः या झाडाखाली कुणी बसलंय का तेच शोधतोय." मी उठून चहा टाकायला गेले, कारण परक्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं की मला काय करावं कळत नाही.

चहा पिताना ते म्हणाले, "मधले बरेच नंबर दिसत नाहीत. सातच्या पुढे एकदम दहा. असं खूप ठिकाणी आहे."

मी सांगितलं, ते खराब होते, त्यांनीच बाद केले होते, मी टाकून दिले.

त्यांनी कप बशीत ठेवला. ओरडले नाहीत, वाईट बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "टाकायला नको होते. वडलांनी वही ठेवली असेल ना? नंबर घालणारा माणूस वही ठेवतोच. वही मिळाली तर या पेटीची किंमत दुप्पट होईल. पुढच्या रविवारी येतो."

वही आईच्या ताब्यातल्या ट्रंकेत होती. त्या ट्रंकेत बाबांची शिट्टी, लाल-हिरवी निशाणं आणि गणवेशाचा काळा कोट आहे, आणि तिची किल्ली आईच्या कमरेला असते. तिने किल्ली काढून दिली आणि म्हणाली, "सवतीची वही ती. मी कधी उघडून बघितली न्हाई."

रेल्वेचं जुनं लांबट रजिस्टर होतं. बाबांनी पट्टीने रकाने आखले होते. नंबर, ठिकाण, गाडी, वेळ, उजेड आणि शेवटी शेरा. शेरा बहुतेक ठिकाणी कोरा, कुठे कुठे 'चांगली' किंवा 'धूर उत्तम'. पहिल्या पानावर आठव्या नंबरासमोर लाल शाई होती. 'आरगचं वळण. बाद. छत्री मध्ये.' नवव्यासमोर, 'बाद. ही वेळेत बाजूला झाली नाही.'

बाबांनी आईचं नाव कधी घेतलं नाही. माझ्याशी बोलताना ती 'तुझी आई' आणि बाकी सगळ्यांशी बोलताना 'ही'. त्या पिढीत तशीच रीत होती. मी वाचत गेले. 'सलगरे. बाद. ही परत मध्ये.' 'सांगोला, पाणी भरताना. बाद. ही हसली.' 'जत रोड. बाद. ही. वारा होता.' मला आठवलं की सुट्टीच्या दिवशी मला क्वार्टरमध्ये शेजारच्या काकूंकडे ठेवून आई बाबांच्या बरोबर जायची आणि उन्हाने लाल होऊन परत यायची. ती तिथे काय करते, हे मी कधी विचारलं नव्हतं. पुढच्या पानांवर लाल शाईतले शेरे बदलत गेले. 'बाद. ही. उजेड उत्तम.' 'बाद. ही. सकाळचं ऊन बाजूने.' आणि सगळ्यात शेवटी, बदली होऊन बाबांची ती लाइन सुटायच्या आधी, एक नोंद होती, 'आरगचं वळण. बाद. ही स्पष्ट. इंजिन पुसट. चालेल.'

मी लाल नोंदी मोजल्या. एक्केचाळीस होत्या.

त्या वेळी मला रडू आलं नाही. मला स्वतःचा संताप आला. एक्केचाळीसपैकी एकच स्लाइड मी उजेडासमोर धरली होती आणि तीही पुरती बघितली नव्हती. छत्रीखाली कोण आहे एवढं बघायला मला आणखी किती वेळ लागला असता? दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाशीला गेले. आमच्या बिल्डिंगभोवती निळे पत्रे लावलेत, आत पोकलेन चाललं होतं. वॉचमन नवीन होता. मॅडम, काय पाहिजे, त्याने विचारलं. तीन महिन्यांपूर्वीचा सुका कचरा पाहिजे, असं कुठल्या तोंडाने सांगणार? काही नाही म्हटलं आणि रिक्षा पकडून परत आले.

चार दिवस मी गप्प होते. आईला सांगायलाच हवं असं काही नव्हतं. तिला दिसत नाही, तिने वही वाचलेली नाही, पाकिटाचा तिला पत्ता नाही. मी बोलले नसते तर तिच्या गावीही नसतं. पण मग तिची ती जन्माची तक्रारही तशीच राहिली असती, आणि ती खोटी होती हे आता मला माहीत होतं. अर्धं खरं सांगावं, असंही मनात आलं. बुरशी लागून गेले म्हणावं. बुरशीवर कुणी रागवत नाही. मी ते वाक्य जुळवलंसुद्धा होतं, आणि जुळवल्याची मला लाज वाटते.

गुरुवारी दुपारी आई जमिनीवर बसून पावट्याच्या शेंगा सोलत होती. हे काम तिला अजून डोळ्यांशिवाय जमतं. मी वही घेऊन तिच्यासमोर बसले.

"आई, बाबांनी तुझे फोटो काढलेत."

"न्हाई गं. इंजिनाचे काढायचे ते. मी मधी यायची."

मी तिला पहिल्या चार-पाच नोंदी वाचून दाखवल्या. तिचे हात थांबले. ती म्हणाली, "मी मुद्दाम यायची."

मला समजेना. मग तिने सांगितलं. बाबा कॅमेरा लावून वळणाच्या अलीकडे उभे राहायचे. तिथून त्यांना गाडी दिसायची नाही. आई पुढे वळणावर उभी असायची. धूर दिसला की तिने छत्री वर करायची, म्हणजे बाबा तयार, आणि लगेच रुळापासून लांब, बाजूला व्हायचं.

"छत्री वर केली की सरकायचं, असं सांगून ठिवलं हुतं. मी मनात धापतुर आकडे मोजायची आन मग सरकायची. म्हटलं, इंजिनासंगट का हुईना, एकदा तरी येऊ दे की मी. ते लई चिडायचे. रोल वाया घालवलास म्हनायचे. आन पुढच्या सुट्टीला पुना मलाच घिऊन जायचे." ती हसली. मग म्हणाली, "धुवून आले की फेकून देत असतील, आसंच मला वाटायचं. इचारलं न्हाई कधी. काय इचारायचं?"

"नाही फेकले त्यांनी," मी म्हटलं. "पाकिटात घालून ठेवले होते, सगळेच्या सगळे. पाकीट मी फेकलं, आई. वाशीचं घर सोडताना. मी नीट बघितलं नाही."

आईने एक शेंग उचलली, सोलली, दाणे ताटलीत टाकले. मग दुसरी. मला वाटलं आता ती काहीतरी लागेल असं बोलेल, आणि मला ते हवंच होतं.

"किती हुते?" तिने विचारलं.

"एक्केचाळीस."

"एवढ्या वेळा न्हाई आले मी मुद्दाम," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर त्या वेळी काय होतं ते मला नीट सांगता येणार नाही. बाबा गेले त्यानंतर तिला इतकं शांत मी बघितलं नव्हतं. मग तिने ताटली बाजूला सारली आणि म्हणाली, "वाच. सगळं वाच. सावकाश वाच."

संग्राहकांना मी फोन करून सांगितलं की पेटी घेऊन जा, वही मिळणार नाही. वहीशिवाय किंमत बरीच खाली येईल असं ते म्हणाले, मी बरं म्हटलं. ढालगावची स्लाइड त्यांना तशीच दिली, त्यांनी तिचं काही देऊ नये असं सांगितलं. त्यांनी कारण विचारलं नाही. रविवारी येऊन पेटी घेऊन गेले.

वही आम्ही तीन दुपारी वाचली. दोन-चार नोंदी झाल्या की आई मधेच विचारायची, "साडी कुठली ते लिवलंय?" ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. बाबांनी उजेड लिहिला होता, वेळ मिनिटापर्यंत लिहिली होती, साडी नाही. मी नाही म्हटलं की ती आपणच सांगायची. आरगला, लाल काठाची, माहेरची. सलगरेला पाऊस होता, तेव्हा जुनीच, खाली फाटलेली. सांगोल्याला जांभळी, त्या दिवशी डब्यात धपाटी होती आणि इंजिनच्या ड्रायव्हरलाबी दिली. जत रोडला अंजिरी, तुझ्या बारशाची. मी पेन घेऊन बाबांच्या लाल शेऱ्याशेजारी निळ्या शाईत लिहीत गेले. माझं अक्षर त्यांच्याइतकं बारीक येत नाही, म्हणून काही ठिकाणी रकान्याच्या बाहेर गेलं. तिला जवळजवळ सगळ्या आठवल्या. तिसऱ्या दुपारपर्यंत चाळीस झाल्या.

शेवटची तिने मला दोनदा वाचायला लावली. 'आरगचं वळण. बाद. ही स्पष्ट. इंजिन पुसट. चालेल.'

"चालेल म्हटलंय?"

"हो."

ती भिंतीला टेकली. नेसलेल्या साडीचा पदर बोटांत धरून चाचपत राहिली, जणू त्यावरून तिला त्या दिवसाचा पोत लागणार होता. मी वाट बघत होते. खालच्या रस्त्यावरून एक बस गेली, शेजारच्या घरात कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.

"न्हाई आठवत," ती शेवटी म्हणाली. "लई आठवून बघितलं. न्हाई येत." मग मान माझ्या बाजूला वळवून, साध्या आवाजात, जशी ती मला मीठ किती घातलंस विचारते तशी, म्हणाली, "फोटू असता तर तू बघून सांगितलं असतंस."